शिकवण घेतली, दक्षिणा राहिली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्या मंदिरात दरवर्षी चोवीस गुरूंचं आख्यान होतं. मी ते लहानपणापासून ऐकत आलो आहे. इतक्या वेळा ऐकलं की पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य अशी यादी पाढ्यासारखी पाठ झाली. पण पाढा पाठ असणं वेगळं आणि हिशोब जमणं वेगळं, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला तरी सांगायला नको. गेल्या वर्षीच्या महाप्रसादाच्या दिवशी जे घडलं, त्यामुळे या आख्यानातला एक हिशोब माझ्यापुरता उघडा पडला. तो भाविकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

प्रसंग अगदी साधा आहे. निवृत्तीनंतर महाप्रसादाच्या खर्चाची वही माझ्याकडे आली. शिधा मोजून देणं, गॅसच्या टाक्या, पत्रावळी, आचाऱ्याची बिदागी हे सगळं मी बघतो. त्या दिवशी पहाटेपासून महिला मंडळाच्या बायका घेवडा निवडत बसल्या होत्या. श्रीगुरूंनी अमरापूरला त्या गरीब ब्राह्मणाच्या घरी घेवड्याची भाजी जेवून वेल उपटला आणि त्याच्या मुळाशी धनाचा कुंभ सापडला, ती गुरुचरित्रातली कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आपल्याकडे घेवड्याच्या भाजीशिवाय दत्ताचा प्रसाद होत नाही. चुलाण्यावर आमटीचं मोठं पातेलं होतं. पंगत बसायला अर्धा-पाऊण तास उरला होता. आचाऱ्याने चव बघितली आणि तोंड वाकडं केलं. आमटी खारट! कुणीतरी दोनदा मीठ घातलं होतं.

मग जे व्हायचं तेच झालं. आचारी म्हणाला, मी एकदाच घातलं. त्याचा मदतनीस म्हणाला, मी हातच लावला नाही. वाढपी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एवढी वीस-बावीस किलो डाळ शिजलेली, तिचा हिशोब माझ्या वहीत! माझा आवाज चढला. "दोनदा मीठ पडलं म्हणजे कुणीतरी घातलंच ना? आपोआप पडलं का?" सगळे गप्प.

तेवढ्यात घेवडा निवडून झालेल्या एक वयस्कर मावशी हात पुसत उठल्या. म्हणाल्या, "अहो, मीच घातलं असेन. आता माझं वय झालं, लक्षात राहत नाही. तुम्ही दुसऱ्या चुलीवर पाणी उकळायला ठेवा आणि थोडी डाळ वेगळी शिजायला टाका. मीठ कुणी घातलं ते शोधत बसलो तर पंगत उठायची वेळ होईल."

आचाऱ्याने लगेच पाणी ठेवलं, कुकरमध्ये डाळ लावली, आमटी वाढवून सारखी केली. पंगत दहा मिनिटं उशिरा बसली. कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी भांडी परत करायच्या वेळी वाढप्यांमधला एक कॉलेजात जाणारा मुलगा त्या मावशींच्या जवळ गेला. मी शेजारीच पातेली मोजत होतो. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मीठ मी घातलं होतं. मला वाटलं राहिलंय." मावशी म्हणाल्या, "मला माहीत आहे रे बाळा. मी तर सकाळपासून चुलीकडे फिरकलेसुद्धा नव्हते. पुढच्या वेळी चव बघून घाल."

मी पातेली मोजता मोजता थांबलो. आकडा विसरलो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.

आता कुणी म्हणेल, मावशी खोटं बोलल्या. मीही घरी येईपर्यंत त्याच विचारात होतो. मी हिशोबातला माणूस. न केलेली चूक आपल्या नावावर लिहून घेणं म्हणजे चुकीची नोंदच की! मग मला बँकेतलं सस्पेन्स खातं आठवलं. एखाद्या रकमेचा लगेच उलगडा होत नसेल तर ती तात्पुरती त्या खात्यात टाकतात आणि दिवसाचं काम पुढे जाऊ देतात. मात्र ती रक्कम तिथे कायमची ठेवायची नसते. खरं खातं सापडलं की तिकडे वळवायची असते. मावशींनी ती चूक आपल्या सस्पेन्सला घेतली, एवढंच. पंगत बसली. आणि त्या ओरडल्या नाहीत म्हणूनच दुसऱ्या दिवशी खरा खातेदार आपल्या पायांनी चालत आला. मी ज्या सुरात विचारत होतो, त्या सुराला तो मुलगा जन्मात पुढे आला नसता.

इथपर्यंत लिहून मला हा लेख संपवता आला असता. 'रोजच्या व्यवहारातही गुरू भेटतात, फक्त दृष्टी हवी' असं शेवटी लिहिलं की झालं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला माझी जुनी गोष्ट आठवली.

१९८६ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावातली आमची छोटी शाखा. संगणक तेव्हा आमच्याकडे नव्हता. जाडजूड लेजरं, पितळी टोकनं, शाईचे डाग पडलेली बोटं. आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरवर ही गर्दी! आमचा कॅशियर पैसे देण्यात गुंतलेला, म्हणून त्याचं पैसे दिल्याचं रजिस्टर लिहायला मी बसलो. मदत म्हणूनच बसलो होतो, हे खरं. संध्याकाळी रोकड मोजली तर नऊशे रुपये कमी. दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. मग एकेक व्हाउचर पुकारून रजिस्टरमधल्या नोंदीवर खुणा केल्या. सगळ्या नोंदी बरोबर! तरी रोकड कमीच.

रोकड कमी आली तर ती कॅशियरने भरायची, हा रिवाज. त्या काळात नऊशे रुपये म्हणजे आमचा जवळपास निम्मा पगार. त्याच्याकडे पाचशे होते. चारशे त्याने आमच्या शिपायाकडून उसने घेतले. शिपायाकडून! आणि रात्री आठ वाजता, सगळ्यांच्या देखत, मी त्याला म्हणालो, "पैसे देताना लक्ष कुठे असतं हो तुमचं?" तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डे-बुक लिहिताना ते जुळेना. मी रजिस्टर पुन्हा उघडलं. एका पानाची बेरीज १५,४०० आणि ती पुढच्या पानावर ओढताना मी १४,५०० लिहिली होती. आकड्यांची अदलाबदल! फरक नऊशे. नोंदी एकूणएक बरोबर होत्या, त्यामुळे पुकारताना चूक सापडणंच शक्य नव्हतं. ती एका पानातही नव्हती आणि दुसऱ्या पानातही नव्हती. पान उलटताना झाली होती. घरात, मंडळात, समितीत कुठेही चार जण मिळून काम करतात तेव्हा बहुतेक चुका अशाच होतात, असं मला आता वाटतं. प्रत्येकाचं काम बरोबर असतं. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना गडबड होते. मिठाचंही तेच झालं होतं.

कॉमर्सच्या मंडळींना एक गोष्ट माहीत असेल. फरकाच्या रकमेला नऊने पूर्ण भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते बघायचं. ४५ चे ५४ झाले तर फरक ९, ४५० चे ५४० झाले तर ९०. ही युक्ती मी नवीन पोरांना मोठ्या ऐटीत शिकवत असे. आणि त्या रात्री समोर नऊशेचा फरक असताना मला ती सुचली नाही! का सुचली नाही, याचं उत्तर मला पुष्कळ उशिरा कळलं. चूक कॅशियरची आहे हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. दोष दुसऱ्याच्या माथी मारला की आपली विद्या त्या क्षणी झोपी जाते.

मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, फरक सापडला. बेरीज ओढताना चूक झाली होती." साहेब म्हणाले, वा, छान. कॅशियरला नऊशे रुपये त्याच दिवशी परत मिळाले, त्याने शिपायाचे फेडले. हिशोब जुळला.

'चूक झाली होती.' आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. पाऊस झाला, उशीर झाला, चूक झाली. करणारा कुठेच नाही. मी खोटं एक अक्षरही बोललो नव्हतो. पण रजिस्टर कॅशियरचं, म्हणून बेरीजही त्याचीच, असं सगळ्यांनी धरलं. तो हिशोबाला कच्चा आहे, असं शाखेत बोललं जाऊ लागलं. दोन-तीन महिन्यांनी त्याला कॅशवरून काढून दुसऱ्या टेबलावर बसवलं. कॅशचा भत्ता गेला. त्या टेबलावर कॅशला कोण आलं, हे सांगायला मला आजही लाज वाटते. मी आलो. भत्ता मला मिळू लागला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे रजिस्टरातलं ते अक्षर माझं होतं आणि ते तो ओळखत होता.

कॉलेजात शिकवतात की ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशोब बरोबर असतोच असं नाही. काही चुका अशा असतात की त्या असूनही दोन्ही बाजू जुळतात. रक्कम बरोबर पण खातं चुकीचं, अशी नोंद झाली तरी बेरजा जुळतातच. माझं तसंच झालं. नऊशे परत गेले, रोकड जुळली, फक्त चूक भलत्याच खात्यावर राहिली.

मी त्यातून काहीच शिकलो नाही असं नाही. पुढे सगळी नोकरी मी पान उलटताना बेरीज दोनदा वाचली. कुणाची रोकड कमी आली तर आवाज चढवला नाही. नवीन लागलेल्या पोरांना सांगायचो, 'आधी आपलं अक्षर तपासा, मग दुसऱ्याचं.' निवृत्तीच्या निरोप समारंभात माझ्या याच गुणाचं कौतुक झालं आणि मी ते मान खाली घालून, पण आनंदाने, ऐकून घेतलं. म्हणजे त्या प्रसंगाने माझी वाढ झाली. मी चांगला सहकारी झालो. पण ती वाढ कुणाच्या पैशाने झाली?

इथे मी पुन्हा अवधूताच्या आख्यानाकडे येतो. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवान श्रीकृष्ण उद्धवाला यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद सांगतात. परंपरा त्या अवधूताला श्रीदत्तात्रेयच मानते. याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये वाराणसीत ती पूर्ण केली. अवधूत सांगतो की, मी माझ्या बुद्धीने चोवीस गुरू केले. त्यात कपोत, म्हणजे कबुतर, आहे. फासेपारध्याच्या जाळ्यात पिलं सापडली. त्यांच्यामागे कबुतरी गेली आणि तिच्यामागे शोकाने वेडा झालेला कपोतही जाळ्यात पडला. अवधूताने ते पाहिलं आणि अतिआसक्तीचा धडा घेतला. दिव्यावर झेपावणारा पतंग, गळाला लागणारा मासा, गाण्याला भुलणारं हरीण हे सगळे असेच गुरू. त्यांनी जीव दिला, अवधूताने शिकवण घेतली.

लहानपणी मला प्रश्न पडायचा की, अवधूताला ज्ञान मिळालं, पण कबुतराला काय मिळालं? मोठ्यांना विचारलं तर 'उगाच फाटे फोडू नकोस' म्हणायचे. मला वाटतं प्रश्न वावगा नव्हता. त्याचं उत्तर मला आता असं दिसतं. अवधूताने जाळं टाकलं नव्हतं. दिवा त्याने लावला नव्हता, गळ त्याचा नव्हता. तो निव्वळ साक्षी होता, म्हणून त्याने नुसती शिकवण घेतली तरी त्याच्याकडे कुणाचं देणं निघत नव्हतं. आपलं तसं नसतं. आपण संसारी माणसं. ज्या प्रसंगातून आपण शहाणे होतो, त्यात पुष्कळदा जाळ्याची एक दोरी आपल्याच हातात असते. सुनेला बोलून आपण शिकतो, भावाशी वाटणीवरून भांडून शिकतो, नोकरीत कुणाला खाली पाडून शिकतो. आणि मग 'तो प्रसंग माझा गुरू झाला' असं म्हणून मोकळे होतो. गुरू म्हटलं की दक्षिणा आली. ती न देता विद्या घेऊन निघून जाणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात?

त्याच आख्यानात कुमारीच्या बांगड्यांची गोष्ट आहे. घरी पाहुणे आलेले, मोठी माणसं बाहेर गेलेली. पाहुण्यांसाठी ती आत साळी कांडायला बसली आणि बांगड्या वाजू लागल्या. घरची उणीव बाहेर कळू नये म्हणून तिने एकेक करत बांगड्या कमी केल्या. दोन राहिल्या तरी वाजल्या. एकच ठेवली तेव्हा आवाज थांबला. अवधूताने त्यावरून एकटं राहावं हे घेतलं. त्याला ते शोभतं. पण आपल्या घरात, मंदिरात, स्वयंपाकघरात भरलेले हात असतात आणि भरल्या हाताला आवाज यायचाच. आपण बांगड्या कमी करू शकत नाही. फक्त आवाज आला की 'ही माझी वाजली' एवढं पटकन म्हणू शकतो. मावशींनी तर न वाजलेली बांगडीही आपली म्हणून घेतली. माझी वाजलेली असून मी जवळजवळ चाळीस वर्षं हात पाठीमागे धरून बसलो.

दत्तजयंतीनंतरच्या आठवड्यात मी त्या कॅशियरच्या घरी गेलो. पत्ता शोधावा लागला. आता तो पंचाहत्तरीच्या पुढे आहे, काठी घेऊन चालतो. वहिनींनी चहा केला. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हणालो, "शहाऐंशी सालची ती नऊशे रुपयांची बेरीज मी चुकवली होती. साहेबांना मी माझं नाव सांगितलं नाही." तो बराच वेळ बशीकडे बघत होता. मग म्हणाला, "अहो, तुमचं अक्षर मी ओळखत नव्हतो का? आठ-पंधरा दिवस वाट बघितली, तुम्ही सांगाल म्हणून. नंतर सोडून दिलं."

मी हात जोडले. तो म्हणाला, "आलात, बरं केलंत. पण मला हे माहीतच होतं. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांना सांगायला हवं होतं."

तो रागाने बोलला नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही. मी ते मागितलंही नाही. निघताना तो फाटकापर्यंत सोडायला आला, हे मला पुष्कळ वाटलं.

त्याच्या वाक्याला उत्तर नाही. आमचे साहेब गेले, तो शिपाई गेला, शाखेतले निम्मे लोक आज नाहीत. ज्या काउंटरवर ही रक्कम भरायला हवी होती, तो काउंटर केव्हाच बंद झाला. तरी त्या वेळचे दोन-तीन सहकारी याच मंदिरात येतात आणि हा अंक त्यांच्या घरी जातो. त्यांना मी आज सांगतो : ती बेरीज कॅशियरने चुकवली नव्हती. मी चुकवली होती. तो हिशोबाचा पक्का माणूस होता. भत्त्याचा माझा हिशोब त्याच्याशी वेगळा चालू आहे, त्याचा इथे उल्लेख पुरे.

भाविकहो, चोवीस गुरूंचं आख्यान आपण यंदाही ऐकू. रोजच्या जगण्यातून शिकावं हे खरंच आहे. मुंगीकडून शिकावं, झाडाकडून शिकावं, पंगतीत वाढणाऱ्या पोराकडूनही शिकावं. माझं एवढंच म्हणणं आहे की, ज्या प्रसंगात कुणाचं नुकसान झालं असेल, तिथे शिकवण घेण्याआधी वही उघडून बघावी. आपल्याकडे काही निघत असेल तर आधी ते फेडावं, तेही ज्याचं आहे त्याच्याकडे आणि ज्यांच्यासमोर झालं त्यांच्यासमोर. मग खुशाल गुरू म्हणावं. उशीर केला तर माझ्यासारखं होतं. मुद्दल देता येतं, पण घेणारे उरत नाहीत.

यंदाच्या महाप्रसादाच्या वहीत मी पहिल्या पानावर एक ओळ लिहून ठेवली आहे. 'आमटीत मीठ घालणाऱ्याने घातल्याबरोबर मोठ्याने सांगावे.' मुलं वाचून हसतात. हसू देत. मावशींनी ती वाचली आणि म्हणाल्या, "आणि ऐकणाऱ्याने ओरडू नये, हेही लिहा."

तेही लिहिलं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥